लेकरांनीं विणलेलें घर

घर वडील माणसांनीं बांधावें आणि लेकरांनीं त्यांत वाढावें, हा सृष्टींतील सर्वसाधारण नियम आहे. सुगरण पक्ष्याचा नर आधीं खोपा विणतो, आणि मग त्यांत पिलें होतात. गांधीलमाशी आधीं घर रचूं लागते, आणि मग त्यांत अंडीं घालते. परंतु आपल्या कोंकणांतील आंब्याच्या झाडांवर राहणारी एक मुंगी अशी आहे कीं, तिच्या कुटुंबांत हा नियम उलटा झालेला दिसतो. तेथें घर विणतात तीं तान्हीं लेकरें, आणि वडीलधारी मंडळी त्यांना जबड्यांत धरून त्या कामास लावतात. लेकरें नाहींत तर घर विणलें जात नाहीं. आणि घर नाहीं तर लेकरें वाढवावीं कोठें, असा मोठा पेंच या मुंगीच्या आईपुढें पडतो. तो पेंच ती कसा सोडविते, आणि लालबागसारख्या दाट वस्तींतील एखाद्या विद्यार्थ्यास, त्या जिवाला अपाय न करितां, हें सारें आपल्या खोलींत कसें पाहतां येईल, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ही मुंगी आमच्या वाचकांस अगदींच अपरिचित नसावी. लालबाग-परळच्या चाळींतून राहणाऱ्या पुष्कळ कुटुंबांचें मूळ गांव रत्नागिरी किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्यांत असतें. मे महिन्याच्या सुटींत गांवीं गेल्यावर, आंब्याच्या फांदीवर चढलेल्या मुलाच्या मानेला आणि पायांना जी कडकडून चावते, तीच ही लाल मुंगी. मराठींत तिला ओंबील म्हणतात. फाब्रिसियस नामक डेन्मार्कच्या कीटकशास्त्रज्ञानें १७७५ सालीं तिचें शास्त्रीय वर्णन केलें, आणि आज ती ईकोफायला स्मॅरॅग्डिना या नांवानें ओळखली जाते. यांतील पहिल्या शब्दाचा अर्थ 'पानांचें घर' असा होतो, आणि दुसरा शब्द पाचू या हिरव्या रत्नावरून आला आहे. आपल्याकडील कामकरी मुंग्या तर तांबूस नारिंगी असतात. मग पाचूचा येथें संबंध काय, असें कोणी विचारील. त्यानें या मुंगीची राणी पाहावी. ती कामकरी मुंगीच्या दुपटीहून मोठी असून तिचा रंग हिरवट असतो. भारतापासून थेट ऑस्ट्रेलियापर्यंत ही जात पसरलेली आहे, आणि ऑस्ट्रेलियांत तर कामकरी मुंग्यांचें पोटहि हिरवें असतें.

आपल्या मुंबई इलाख्यांत या मुंगीकडे अभ्यासूंचें लक्ष फार पूर्वींच गेलें होतें. एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हे १८५१ सालीं सातारा येथें एका स्कॉटिश मिशनऱ्याच्या घरीं जन्मले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत कांहीं वर्षें लॅटिन शिकविल्यावर त्यांनीं सरकारच्या जकात व मीठ खात्यांत नोकरी धरली. १८८३ सालीं मुंबईंत 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी' ही संस्था ज्या थोड्या मंडळींनीं स्थापन केली, त्यांत ते होते. नोकरीच्या निमित्तानें उत्तर कानडा जिल्ह्यांत राहत असतां त्यांनीं तेथील प्राण्यांचें बारकाईनें निरीक्षण केलें. आणि १८९० सालीं लाल मुंग्यांच्या घरट्यांविषयीं त्यांचें एक टिपण या संस्थेच्या नियतकालिकांत छापलें गेलें. पुढें १८९२ सालीं जंगलखात्यांतील अधिकारी आर. सी. रॉटन यांनीं त्याच नियतकालिकांत 'आपल्या मुंग्या' या अर्थाच्या मथळ्याची लेखमाला लिहिली. यांपैकीं एकाचा व्यवसाय मीठ आणि जकात हा होता, दुसऱ्याचा जंगलें राखण्याचा. मुंग्या पाहण्याबद्दल त्यांस वेतन मिळत नव्हतें. डोळे उघडे ठेवून जें दिसलें तें तारीखवार लिहून ठेवण्याची संवय मात्र त्यांस होती.

आतां हें विणकाम चालतें कसें तें पाहूं. दोन पानें जवळ आणावयाचीं झालीं म्हणजे प्रथम अनेक मुंग्या एका पानाच्या कडेवर ओळीनें उभ्या राहतात. मागच्या पायांनीं त्या आपलें पान घट्ट धरून ठेवितात, आणि दुसऱ्या पानाची कड जबड्यांत पकडून ती हळूहळू आपल्याकडे ओढतात. मधलें अंतर एका मुंगीच्या लांबीहून अधिक असलें तर एक मुंगी दुसरीची कंबर धरते, दुसरी तिसरीची धरते, आणि अशा रीतीनें मुंग्यांची जिवंत सांखळी तयार होते. अशा अनेक सांखळ्या शेजारीं शेजारीं लागून एकाच वेळीं ओढूं लागल्या म्हणजे जाड पानहि वांकतें. कडा एकमेकींस भिडल्या कीं ही पलटण त्या तशाच आवळून धरून उभी राहते.

इतक्यांत दुसऱ्या कामकरी मुंग्या पुऱ्या वाढीस आलेल्या अळ्या जबड्यांत धरून आणतात. अळी म्हणजे मुंगीचें तान्हें मूल. तिला पाय नसतात. ती स्वतः कोठें जाऊं शकत नाहीं. परंतु तिच्या अंगांत रेशमाच्या ग्रंथि असतात. मुंगी आपल्या स्पर्शिकांनीं, म्हणजे डोक्यावरील दोन मिशांनीं, अळीच्या डोक्यास हलकेंच स्पर्श करते, आणि तिचें तोंड एका पानाच्या कडेला टेकविते. तेथें रेशमाचा ओलसर धागा चिकटतो. लगेच तेंच तोंड दुसऱ्या पानाच्या कडेला लागतें, पुन्हां पहिल्या, पुन्हां दुसऱ्या. अशा शेंकडों फेऱ्या झाल्या कीं दोन पानांमध्यें पांढऱ्या रेशमाचें घट्ट पटल तयार होतें.

गिरणगांवांतील ज्येष्ठ मंडळींस हें वाचून साचेखात्यांतील धोट्याची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून धोटा इकडून तिकडे धांवे, आणि आपल्यामागें बाण्याचा आडवा धागा सोडीत जाई. १९८२ च्या संपानंतर या भागांतील गिरण्या एकामागून एक बंद होत गेल्या, आणि साच्यांचा तो खडखडाट आतां लालबागेंत ऐकूं येत नाहीं. तथापि ज्या घरांतील आजोबांनीं धोटा हातांत धरला होता, त्या घरांतील मुलांस या मुंगीची रीत समजण्यास अडचण पडूं नये. भेद एवढाच कीं, येथें धोटा जिवंत असतो, आणि तो घरांतलेंच मूल असतो.

या विणकामाची किंमतहि त्या मुलालाच द्यावी लागते. ओंबिलीच्या जवळच्या नात्यांतील पुष्कळ मुंग्यांच्या अळ्या आपलें रेशीम स्वतःभोंवतीं गुंडाळून कोश करितात, आणि त्या कोशाच्या आड सुरक्षितपणें मुंगीचें रूप घेतात. ओंबिलीची अळी आपलें रेशीम घराला देऊन टाकते. म्हणून तिला स्वतःचा कोश नसतो. ती उघड्या अंगानेंच पालटत जाते. तिनें विणलेलें पानांचें घर हाच सर्वांचा मिळून एक कोश. असें घर फाटलें तर आंतील शेंकडों उघडीं बालकें एकदम उन्हांत व वाऱ्यावर येऊन पडतात. गंमत म्हणून काठीनें घरटें पाडणाऱ्या मुलानें एवढें लक्षांत ठेवावें.

मोठी वसाहत म्हणजे एक राज्यच असतें. तींत पांच लाखांपर्यंत कामकरी मुंग्या असूं शकतात, आणि अनेक झाडांवर मिळून तिचीं शंभरावर घरटीं पसरलेलीं असतात. मोठ्या आकाराच्या मुंग्या शिकार, बांधकाम व राखण करितात. लहान आकाराच्या मुंग्या बहुधा आंत राहून अंडीं व अळ्या सांभाळतात. राज्याच्या सीमेवरील घरट्यांत वयानें वडील अशा मुंग्या राहतात, आणि शत्रु आला तर प्रथम त्याच पुढें होतात. परंतु या अफाट राज्याचा आरंभ पाहूं गेलें तर तो एका पानाच्या दुमडीआड बसलेल्या एकट्या मुंगीपाशीं होतो. आपल्याला पाळावयाची आहे ती हीच.

पावसाळ्यांत पंख फुटलेल्या तरुण राण्या आणि नर घरट्यांतून बाहेर पडून उडतात. या उड्डाणांत त्यांचा विवाह होतो. नर थोड्याच वेळांत मरतात. राणी खालीं उतरून आपले पंख पाडून टाकते, आणि एखादें दुमडलेलें किंवा दुसऱ्या किड्यानें गुंडाळून सोडलेलें पान शोधून त्यांत शिरते. तिच्यापाशीं विणण्यास अळी नाहीं, आणि पान ओढण्यास कामकरी नाहींत. म्हणून ती आयता आडोसा पत्करते. पहिला पेंच असा सुटला. दुसरा पेंच अन्नाचा. ती शिकारीस जाऊं शकत नाहीं, कारण ती बाहेर पडली तर अंड्यांपाशीं कोण राहणार? येथें तिच्या शरीरांतील एक नवल प्रगट होतें. ज्या बळकट स्नायूंनीं तिनें आयुष्यांतील एकच उड्डाण केलें, ते स्नायु आतां विरघळूं लागतात, आणि अंगांतील चरबीबरोबर त्यांचेंच सत्त्व तिच्या लेकरांच्या अन्नासाठीं उपयोगी पडतें. पुन्हां उडण्याचें बळ मोडून ती पहिल्या मुलींना वाढविते. अशा राण्यांपैकीं बहुतेक पाली, पक्षी, कोळी आणि परक्या मुंग्या यांच्या भक्ष्यस्थानीं पडतात; फार थोड्यांचें कुटुंब उभें राहतें.

तेव्हां पाळण्याचा विचार करणाऱ्यानें प्रथम हें समजून घ्यावें कीं, झाडावरचें घरटें तोडून आणणें म्हणजे मुंग्या पाळणें नव्हे. शंभर घरट्यांच्या वसाहतींत राणी एखाद्याच घरट्यांत असते. आपल्या हातीं जें घरटें येईल तें बहुधा पोरक्यांचेंच असणार. राणीवांचून कामकरी मुंग्यांनीं अंडीं घातलीं तरी त्यांतून फक्त नर निपजतात. म्हणून असें कुटुंब कितीहि खाऊंपिऊं घातलें तरी संपूनच जातें. यास्तव पावसाची सर येऊन गेल्यावर दिव्याखालीं, भिंतीवर, झाडाच्या खोडावर किंवा चाळीच्या कठड्यावर पंख गळालेली हिरवट राणी एकटीच फिरतांना दिसली, तर तिलाच घ्यावें. पंख असलेली राणी घेऊं नये. तिचा विवाह झाला असेलच असें नाहीं. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानांतून कोणताहि जीव आणणें कायद्यानें मना आहे. भायखळ्याच्या जिजाबाई भोसले उद्यानांत, ज्यास वडील मंडळी राणीची बाग म्हणतात, तेथेंहि जीवजंतूंस हात लावूं नये. झाडांवर घरटें आढळल्यास तें खालीं उभें राहून पाहावें.

राणीसाठीं घर तयार करणें फार सोपें आहे. शाळेच्या प्रयोगशाळेंत असते तशी रुंद तोंडाची एक परीक्षानळी घ्यावी. तिचा तळाकडील तिसरा हिस्सा स्वच्छ पाण्यानें भरावा. मग कापसाचा घट्ट बोळा आंत सारून पाण्यास टेकेल असा बसवावा; तो ओला व्हावा, पण त्यांतून पाणी गळूं नये. उरलेल्या कोरड्या भागांत राणीला हलकेंच चालत जाऊं द्यावें. तिला चिमटींत धरूं नये. तोंडाशीं दुसरा कोरडा बोळा असा लावावा कीं हवा खेळेल पण राणी बाहेर येणार नाहीं. नळी आडवी ठेवून ती गडगडूं नये म्हणून खालीं कापडाची घडी द्यावी, आणि वरून काळा कागद गुंडाळावा. पानाच्या दुमडींत राणीला जो अंधार, ओलावा आणि आडोसा मिळाला असता, तोच येथें नळी, कापूस आणि कागद यांनीं मिळतो.

उबेची चिंता मुंबईंत फारशी पडत नाहीं. या मुंगीस २८ ते ३२ अंश सेल्सियस उष्णता मानवते, आणि पावसाळ्यांत आपल्या खोल्यांतून साधारणतः तितकी असतेच. नळी उन्हांत ठेवूं नये, चुलीजवळ ठेवूं नये, आणि पंख्याच्या थेट वाऱ्याखालींहि ठेवूं नये. डांस घालविण्यासाठीं जाळावयाच्या उदबत्तीच्या व कॉइलच्या धुरांत कीटकांस मारणारीं द्रव्यें असतात; मुंगी हाहि कीटकच आहे, हें विसरूं नये. मुंग्या मारण्याचा खडू तर त्या फळीच्या आसपासहि नसावा. आणखी एक गोष्ट लालबागकरांनीं विशेष ध्यानांत धरावी. मुंगी आवाजापेक्षां हादरा फार लवकर ओळखते. तो तिला पायांतून कळतो. राणीचें बाळंतपण चालूं असतांना गणेशोत्सव येतो, आणि रस्त्यावरील ढोलताशांच्या दणक्यानें खिडक्यांचीं तावदानें थरथरतात. त्या दिवसांपुरती नळी रस्त्याकडील भिंतीपासून दूर, जाड चादरीच्या घडीवर ठेवावी.

आतां येतो तो महिना सर्वांत कठिण. राणीला कठिण आणि पाळणाऱ्यालाहि कठिण. कांहीं दिवसांतच राणी पांढऱ्या, खसखशीहून बारीक अंड्यांचा एक पुंजका घालते. पुढें त्यांतून अळ्या निघतात, अळ्या फुगत जातात, मग त्यांचे उघडे कोशित दिसूं लागतात. त्यांवर डोळ्यांचे काळे ठिपके उमटतात. उष्णता योग्य असली तर सुमारें चार आठवड्यांनीं पहिल्या कामकरी मुंग्या चालूं लागतात. या सबंध काळांत राणीला आपण कांहींहि खाऊं घालावयाचें नसतें. दर तासाला कागद काढून पाहण्याचा, साखरेचा कण टाकण्याचा, मित्रांना दाखविण्याचा मोह पडतो. परंतु वारंवार भेदरलेली राणी आपलींच अंडीं खाऊन टाकते. त्या बिचारीच्या हिशेबानें तें योग्यच असतें. जेथें लेकरें जगणार नाहींत तेथें तीं घालून काय उपयोग, तें सत्त्व पुढच्या खेपेस तरी उपयोगी पडेल. पण तिच्या अंगांतील पुंजी मोजकीच असते. असें दोनचार वेळां झालें तर ती संपते आणि राणी मरते. म्हणून आठवड्यांतून एकदां, अर्धा मिनिट, नळी न उचलतां कागद तेवढा सारून पाहावें, आणि जें दिसलें तें तारखेसह वहींत लिहावें. हात आवरणें हीच या महिन्यांतील सेवा होय.

पहिल्या मुली आकारानें लहान आणि स्वभावानें भित्र्या असतात, कारण त्या उपासांत वाढलेल्या असतात. राणीचें एकटेपण मात्र आतां संपलें. या मुली दिसूं लागल्यावर दोनतीन दिवसांनीं अन्न द्यावें. कागदाच्या लहानशा तुकड्यावर पाण्यांत कालविलेल्या मधाचा टांचणीच्या डोक्याएवढा थेंब पुरतो. अळ्यांना मात्र मांसाहार लागतो. त्यासाठीं हातानें मारलेला एखादा डांस किंवा माशी द्यावी. औषध फवारून मेलेला कीटक कधींहि देऊं नये. उरलेलें अन्न दुसऱ्या दिवशीं काढून टाकावें, नाहीं तर दमट हवेंत त्यास बुरशी येते. बाळाला जास्त भरविल्यानें बाळ लवकर वाढत नाहीं, हें आमच्या वाचकांतील मातांस सांगावयास नकोच.

मुंग्या बाहेर फिरूं लागल्या म्हणजे नळी एका उंच बरणींत ठेवून तिचा बोळा सैल करावा. येथें एक सूचना आवश्यक आहे. ओंबिलीस कांचेची भिंत अडवूं शकत नाहीं. तिच्या पावलांच्या टोकांशीं चिकट गाद्या असतात. केंब्रिज येथील एका संशोधकानें काढलेलें, २०१० सालीं बक्षीस मिळविलेलें एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यांत ही मुंगी गुळगुळीत पृष्ठभागाला उलटी लटकून स्वतःच्या वजनाच्या शंभरपट भार जबड्यांत धरून आहे. म्हणून बरणीच्या तोंडावर बारीक मलमल ताणून बांधावी. घरांतल्या बारीक मुंग्यांचें भय तर याहूनहि मोठें. त्या रात्रींतून रांग लावून येतात आणि दहावीस जणींचें हें कुटुंब सकाळपर्यंत फस्त करितात. पूर्वीं आपल्या घरांतून दुधातुपाच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवीत असत. तोच उपाय येथें करावा: रुंद परातींत पाणी घालून मधोमध एका वाटीवर बरणी ठेवावी, आणि तिचा भिंतीला किंवा पडद्याला कोठेंहि स्पर्श होऊं देऊं नये. पाणी दोनतीन दिवसांनीं बदलावें, म्हणजे त्यांत डांसांचीं पिलें होणार नाहींत.

कुटुंबांत कांहीं डझन मुंग्या झाल्या आणि मोठ्या अळ्या दिसूं लागल्या, म्हणजे खरा सोहळा जवळ आला असें समजावें. आंब्याच्या कोयीपासून उगवलेलें लहान रोप किंवा लिंबाचें रोप कुंडींत तयार ठेवावें. त्यावर कसलेंहि औषध मारलेलें नसावें. कुंडी पाण्याच्या परातींत ठेवून तिच्यावर सबंध रोप झांकेल अशी मलमलीची पिशवी बांबूच्या काड्यांवर उभारावी, आणि उघडी नळी रोपाच्या बुंध्याशीं ठेवावी. घाई करूं नये; नळी हालवून मुंग्यांस बाहेर काढूं नये. कांहीं दिवस एकदोन मुंग्या पानांवरून फिरून परत जातील. मग एखाद्या सकाळीं कोंवळ्या पानाची कड किंचित् मुडपलेली दिसेल, आणि भिंगांतून पाहिल्यास तिच्यावर एक मुंगी, आणि तिच्या जबड्यांत पांढरी अळी. ज्या लेकरांसाठीं आईनें परक्या आडोशाला राहून उपास काढले, तींच आतां तिला स्वतःचें छप्पर करून देऊं लागतात. पहिला पेंचहि खऱ्या अर्थानें येथें सुटतो.

यापुढें मात्र पाळणाऱ्यास एक निश्चय करावा लागतो, आणि तो पालकांच्या विचारानें आरंभींच केलेला बरा. ओंबिलीचें कुटुंब वाढतच जातें. चाळीच्या खोलींत त्याला कायमचें ठेवतां येणार नाहीं. या मुंगीस नांगी नाहीं, पण ती जबड्यानें कातडी फोडून तींत पोटांतील आम्ल सोडते, त्यामुळें चांगलीच आग होते. तान्हें मूल ज्या घरांत आहे तेथें वाढलेली वसाहत ठेवणें शहाणपणाचें नव्हे. चावा घेतलाच तर जागा पाण्यानें धुवावी, आणि तो हात डोळ्यांस लावूं नये. रोपावर एकदोन घरटीं झालीं कीं, राणी ज्या भागांत सांपडली त्याच भागांतील एखाद्या मोठ्या झाडापाशीं तें कुटुंब परत द्यावें. परंतु हें करण्यापूर्वीं त्या झाडावर व शेजारच्या झाडांवर आठवडाभर नजर ठेवावी. तेथें आधींच ओंबिलीचें राज्य असेल तर तीं आपल्याच जातीच्या परक्यांस मुळींच थारा देत नाहींत. एका दुपारींत राणीसह सर्वांचा नाश होतो. चार महिने जपलेलें कुटुंब अशा झाडापाशीं सोडणें म्हणजे तें मारणेंच होय. झाड रिकामें आहे अशी खात्री झाली म्हणजेच कुंडी तेथें ठेवावी, आणि तिची एक फांदी झाडास टेकवून मुंग्यांना आपल्या पायांनीं जाऊं द्यावें.

असें कुटुंब झाडास भार होतें असें मात्र कोणी समजूं नये. चीन देशांत इ. स. ३०४ च्या सुमारास लिहिला गेला असें मानल्या जाणाऱ्या एका ग्रंथांत, संत्र्यांच्या बागेंतील किडीवर उपाय म्हणून या मुंग्यांचीं घरटीं बाजारांत विकत मिळत, असें सांगितलें आहे. पुढें तेथील बागवान झाडाझाडांमध्यें बांबूचे पूल बांधून मुंग्यांस वाट करून देत. किडीवर किडा सोडून पीक राखण्याचें हें जगांतील सर्वांत जुनें लेखी उदाहरण गणलें जातें. आधुनिक काळांत ऑस्ट्रेलियांतील आंबा व काजूच्या बागांतून हाच प्रयोग शास्त्रीय रीतीनें केला गेला. ओडिशांतील मयूरभंज जिल्ह्यांतील आदिवासी बांधव या मुंग्यांची आंबट चटणी करितात, आणि २०२४ सालीं त्या चटणीला भौगोलिक मानांकन मिळालें. दोषहि सांगितला पाहिजे: ही मुंगी गोड रसासाठीं झाडावरील कांहीं रसशोषक किडे पाळते व त्यांचें रक्षण करते, म्हणून ती बागायतदारास सर्वस्वीं उपकारकच आहे असेंहि नाहीं. तिचें गुण आणि दोष दोन्ही पाहून मग तिच्याविषयीं मत बनवावें.

विद्यार्थिमित्रहो, या सर्व उद्योगास लागणारें साहित्य म्हणजे एक नळी, थोडा कापूस, एक काळा कागद, आणि एक वही. वहींत राणी सांपडल्याची तारीख, खोलींतील उष्णता, पहिलें अंडें, पहिली अळी, पहिली कामकरी मुंगी आणि पहिला धागा कोणत्या दिवशीं दिसला हें लिहावें. राणी मेली तर तेंहि, आणि त्या आठवड्यांत काय काय घडलें तेंहि लिहावें; दुसऱ्या पावसाळ्यांत दुसऱ्या मुलास त्याचा उपयोग होईल. पालकांस विनंति एवढीच कीं, फळीवरील काळ्या कागदाची ती नळी साफसफाईंत टाकून देऊं नये. तिच्यांत महिनाभर कांहींच हालचाल नाहीं असें वाटलें, तरी एक आई आपल्या अंगाचें अन्न करून लेकरें वाढवीत असते, आणि तींच पुढें तिचें घर विणणार असतात.